एक लिटरचे टर्बो इंजिन किती टिकते? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन. (टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा.) म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. मूळ शंका नाशिकच्या पत्रात नेमकेपणाने आली असल्यामुळे त्या पत्राला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : स्कोडा कुशाक घेण्याचा विचार आहे. माहितीपत्रकात इंजिन ९९९ सीसी, ताकद ११५ पीएस (५,००० ते ५,५०० आरपीएम) आणि टॉर्क १७८ न्यूटन-मीटर (१,७५० ते ४,५०० आरपीएम) असे दिले आहे. माझे मामा तीस वर्षे गाड्या चालवत आहेत. ते म्हणतात, ‘एवढ्याशा इंजिनाकडून एवढे काम करून घेतले, तर ते लाख किलोमीटरच्या आत उघडून दुरुस्त करावे लागणार.’ या आकड्यांचा अर्थ काय, आणि मामांचे खरे मानावे का? (नाशिक)

उत्तर : आपल्या मामांची शंका अडाणीपणाची नाही. इंजिनाच्या एका लिटरमागे किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढला जातो हे पाहिले, तर ती आकड्यांतही दिसते. मारुतीच्या १,१९७ सीसीच्या बिनटर्बो के-सिरीज इंजिनाचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे लिटरमागे साधारण ९४. आपण विचारलेल्या कुशाकच्या इंजिनात (कंपनी त्याला टीएसआय म्हणते) हाच आकडा १७८ आहे. पिस्टनच्या माथ्यावर पडणारा सरासरी दाब जवळजवळ दुप्पट झाला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हा दाब पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगे आणि हेडचे गॅस्केट या सगळ्यांना सोसावा लागतो. जुन्या बिनटर्बो इंजिनावर नुसता टर्बो बसवला असता, तर मामांचे भाकीत खरे ठरायला लाखाचीही वाट पाहावी लागली नसती.

पण हे इंजिन तसे बसवलेले नाही. फोक्सवॅगन समूहाच्या ईए२११ या घराण्यातले हे इंजिन टर्बो गृहीत धरूनच आखले गेले आहे. सिलिंडरचा व्यास ७४.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७६.४ मिलिमीटर आहे. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे आहेत. धुराचा मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असून त्याच्याभोवती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, खेळते. हा तपशील माहितीपत्रकात सापडत नाही, परंतु टिकाऊपणाच्या दृष्टीने तो पीएसच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. भार पडल्यावर पेट्रोल इंजिनाचा धूर नऊशे अंशांच्या वर जातो आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तेव्हा त्या धातूला जिवंत ठेवण्याचे काम कूलंट करते, आणि कूलंट कमी झाले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

आता टॉर्कच्या आकड्याकडे पाहू. टॉर्कला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणून ७,०२४ ने भागले की पीएस, म्हणजे अश्वशक्तीतली ताकद, मिळते. त्या हिशेबाने १,७५० आरपीएमला हे इंजिन सुमारे ४४ पीएस देते आणि ४,५०० ला ११४. म्हणजे माहितीपत्रकातले ११५ पीएस ही टॉर्कचीच पुढची पायरी आहे, त्यासाठी इंजिनाला सहा-साडेसहा हजारांपर्यंत किंचाळायला लावावे लागत नाही. बाराशे किलोच्या आसपासची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने चालवायला वीसएक पीएस पुरतात. समृद्धी महामार्गावर सहाव्या गियरमध्ये गाडी त्या वेगाला असते, तेव्हा आरपीएमची सुई दोन हजारांच्या जरा वर असते आणि इंजिन आपल्या कुवतीचा एक छोटा भागच वापरत असते. ‘एवढ्याशा इंजिनाकडून एवढे काम’ हे मामांचे वाक्य ओव्हरटेक करताना, घाट चढताना आणि पाच माणसे व सामान घेऊन निघाल्यावर खरे असते, एरवी नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर २४० अंशांनी एक स्फोट होतो आणि इंजिन पुढे-मागे डोलू पाहते. या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे उलट तोल देऊन हे डोलणे मारणारा दांडा, दिलेला नाही. फिरणारे भाग हलके ठेवून आणि माउंटिंग नीट बसवून ते डोलणे आवरलेले आहे. त्यामुळे सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगमध्ये जी बारीक थरथर जाणवते, ती बिघाडाची खूण नव्हे. चार सिलिंडरची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्या टेस्ट ड्राइव्हमध्येच खटकते. मामांना सोबत न्याल तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.

राहिला लाखाचा प्रश्न. हे इंजिन चाकणच्या कारखान्यात जुळवले जाते. कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन २०२१ मध्ये आल्या, तेव्हापासून ते त्यांत आहे, आणि त्याआधी २०२० मध्ये ते ११० पीएसच्या रूपात फोक्सवॅगनच्याच पोलो व व्हेंटोत आले होते. माझे मत असे आहे की नीट निगा राखली, तर या इंजिनाला लाख किलोमीटर हे अर्धे वयही नाही. मात्र जुन्या बिनटर्बो इंजिनाने ज्या चुका हसत सोसल्या, त्या हे इंजिन सोसणार नाही. ऑइल बदलायला पाच हजार किलोमीटर उशीर, कूलंटमध्ये नळाचे पाणी, नाक्यावरच्या दुकानात ‘चालेल हो’ म्हणून भरलेले कुठलेही ऑइल, या तीन गोष्टी मामांच्या जुन्या गाडीला चालून गेल्या असतील. येथे चालणार नाहीत. पुस्तिकेत ऑइलची नुसती श्रेणी नसते, गाडीच्या कंपनीचा मान्यता क्रमांकही असतो. डब्यावर तोच क्रमांक छापलेला आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे.

प्रश्न : माझी टायगुन आहे. लांबचा प्रवास करून गाडी बंद केली, की पुढून काही वेळ घूं असा आवाज येत राहतो. बॅटरी उतरेल का? आणि टर्बो गाडी बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे तशीच चालू ठेवावी, असे शेजारी सांगतात. ते पाळावे का? (पुणे)

उत्तर : आवाज येऊ द्या. या इंजिनात कूलंटची दोन वेगळी वर्तुळे आहेत. त्यांपैकी थंड वर्तुळ इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि टर्बोचे बेअरिंग यांच्यासाठी असून त्याचा पंप विजेवर चालतो. इंजिन थांबल्यावरही टर्बोत अडकलेली उष्णता काढण्यासाठी तो गरजेनुसार फिरत राहतो, आणि पुढचा पंखाही कधी कधी फिरतो. काम झाले की दोन्ही आपोआप थांबतात.

शेजाऱ्यांचा सल्ला ज्या काळातला आहे, त्या काळात तो अगदी बरोबर होता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन बंद होताच ऑइलचा दाब जातो, आणि बेअरिंगमध्ये उरलेले ऑइल तिथल्या उष्णतेने करपते. एका गॅरेजमध्ये अशाच एका टर्बोला ऑइल पोचवणारी नळी मिस्त्रींनी माझ्यासमोर हॅकसॉने उभी चिरली होती. बाहेरून करंगळीएवढ्या जाडीची ती नळी आतून कोळशाच्या काळ्या, ठिसूळ थराने इतकी भरली होती, की तिच्यातून दाभणही गेले नसते. मालक महामार्गावरच्या ढाब्याशी येऊन तडक किल्ली फिरवणारे होते, हे खरे; पण ऑइलही त्यांनी दीड वर्षात बदलले नव्हते.

विजेच्या पंपामुळे आजच्या गाडीत हा धोका बराच कमी झाला आहे. शहरातून फिरून घरी आलात तर थांबण्याची काहीच गरज नाही, कारण शेवटची गल्ली हळू चालवताना टर्बो निवलेला असतो. घाट चढून माथ्यावर लगेच थांबायचे असेल किंवा द्रुतगती मार्गावरून सरळ पेट्रोल पंपात शिरायचे असेल, तर अर्धा-पाऊण मिनिट पुरते.

प्रश्न : २०१४ ची फोर्ड इकोस्पोर्ट इकोबूस्ट ६८,००० किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची, चांगल्या किमतीत मिळते आहे. या इंजिनाला जगभर बक्षिसे मिळाल्याचे विक्रेता सांगतो. गॅरेजवाले मात्र ‘ओल्या पट्ट्याची गाडी आहे, जपून’ म्हणतात. काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : दोघेही खरे बोलत आहेत. फोर्डचे हे इकोबूस्ट नावाचे एक लिटरचे टर्बो इंजिन २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरले. १२५ पीएस आणि १७० न्यूटन-मीटर देणाऱ्या या इंजिनाचा ब्लॉक ए-४ कागदावर मावतो, असे तेव्हा कौतुकाने सांगितले जाई, आणि ते खरेही होते. परंतु बक्षीस नव्या इंजिनाला मिळते, आपण घेत आहात ते दहा वर्षांहून जुने आहे.

ओला पट्टा म्हणजे काय ते पाहा. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारा नेहमीचा पट्टा (टायमिंग बेल्ट) इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला कोरडा फिरतो. या इंजिनात तो आत, इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. त्यामुळे घर्षण आणि आवाज दोन्ही कमी होतात. पण रबराचा पट्टा वर्षानुवर्षे गरम ऑइलमध्ये राहिला, त्यात ऑइल चुकीचे किंवा जुने असले, तर त्याच्या कडा झिजून बारीक कण सुटतात. ते कण खाली तेलकुंडीत उतरून ऑइल पंपाच्या गाळणीत अडकतात. पट्टा तुटण्याच्या आधीच ऑइलचा दाब पडू लागतो, आणि टर्बो व क्रँकची बेअरिंगे तहानेने मरतात. इंग्लंडमध्ये या पट्ट्याची मुदत दहा वर्षे किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर, अशी दिली जाई. यांतले जे आधी येईल ते धरायचे. आपल्या गाडीचे किलोमीटर कमी आहेत, पण वर्षे भरली आहेत. विक्रेता मीटर दाखवतो आहे. आपण पाटीवरचे उत्पादन वर्ष पाहा.

ही भीती कागदी नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने याच एक लिटर इंजिनाच्या सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट होत्या. दोष ऑइल पंप चालवणाऱ्या पट्ट्याच्या टेन्शनरचा, म्हणजे तो पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचा, होता. अमेरिकेत विकलेल्या त्या इकोस्पोर्ट आपल्याच चेन्नईजवळच्या कारखान्यातून गेल्या होत्या. पुढे फोर्डने स्वतःच या इंजिनाच्या नव्या आवृत्तीत टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी घातली, यातच काय ते आले.

गाडी घ्यायची झाल्यास तीन गोष्टी करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, तुम्ही पोचण्यापूर्वी कुणी ते सुरू केलेले नसताना, ऑइल भरण्याचे झाकण काढून टॉर्चने आत पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा, डांबरासारखा थर असेल तर पुढचे काही न पाहता चहा पिऊन परत या. पट्टा दिसत असेल, तर त्याला भेगा किंवा सुटलेले दोरे आहेत का ते पाहा. दुसरे म्हणजे, ऑइल बदलल्याच्या तारखांसह सगळी बिले मागा. ‘सर्व्हिस वेळेवर झाली आहे’ हे तोंडी उत्तर चालणार नाही. तिसरे, पट्टा, टेन्शनर आणि पंपाची गाळणी यांचे काम लगेच करायचे आहे असे धरून त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा सुटे भाग मिळतात की नाही आणि किती दिवसांत मिळतात, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी झालेली बरी. हे काम आधी केलेला मिस्त्री आपल्या ओळखीचा नसेल, तर मी आपल्या जागी असतो तर ही गाडी सोडून दिली असती.

प्रश्न : सगळ्या कंपन्यांची इंजिने ९९८ किंवा ९९९ सीसीचीच का असतात? (रत्नागिरी)

उत्तर : एका सिलिंडरला तीनशे ते पाचशे सीसी हे माप ज्वलनाला सोयीचे पडते, त्यामुळे लहान इंजिनात तीन सिलिंडर आले की बेरीज हजाराच्या जवळ जाते. युरोपात कार्बन उत्सर्जनाचे नियम आणि कर यांनी त्याला हातभार लावला. आपल्याकडे चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कमी जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे, तर मोठ्या गाड्यांना ४० टक्के. स्कोडाचीच ३,९९५ मिलिमीटर लांबीची कायलॅक त्या सवलतीत बसते आणि तेच इंजिन असलेली कुशाक बसत नाही, ती लांबीमुळे.

प्रश्न : माझ्या एक लिटरच्या टर्बो गाडीत खंबाटकी घाट चढताना वरच्याच गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तर कधी कधी एखादा ‘टक्क’ आवाज येतो. इंजिन तक्रार न करता ओढते, मग गियर खाली का आणायचा? (सातारा)

उत्तर : इंजिन तक्रार करते आहे, तो ‘टक्क’ हीच ती तक्रार असू शकते. टर्बो इंजिनाचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच येत असल्याने हाताला आळस लागतो आणि चालक तेराशे-चौदाशेवरही पाचवा गियर ठेवून पाय दाबतो. अशा वेळी सिलिंडरमध्ये दाब पुरेपूर असतो आणि पिस्टन मात्र हळू चाललेला असतो. भिंतीवरून सुटलेला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. याला एलएसपीआय, म्हणजे कमी वेगातले अकाली प्रज्वलन, म्हणतात. नेहमीच्या नॉकिंगपेक्षा (पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या ठकठकीपेक्षा) हा प्रकार वाईट आहे, कारण एकाच झटक्यात पिस्टनची रिंग ज्या खाचेत बसते तिची कड तुटू शकते.

यात ऑइलचा वाटा मोठा आहे. ऑइलमधली कॅल्शियमवर आधारलेली डिटर्जंट द्रव्ये या प्रकाराला खतपाणी घालतात, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्यांतली काही काढून मॅग्नेशियमची घातली गेली. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) २०१८ च्या ‘एसएन प्लस’ आणि २०२० च्या ‘एसपी’ या श्रेणींत एलएसपीआयची चाचणीच समाविष्ट आहे. पुस्तिका आणखी काही मागत नसेल, तर आपल्या डब्यावर किमान ‘एसपी’ ही अक्षरे असली पाहिजेत. घाटात दोन हजारांच्या खाली सुई आली की गियर खाली आणा. आवाज तरीही येत राहिला तर प्लग आणि कॉइल तपासून घ्या, आणि तोवर गाडी भरून नेऊ नका.

प्रश्न : घर ते दुकान तीन किलोमीटर, दिवसातून चार फेऱ्या, एवढाच माझ्या टर्बो गाडीचा वापर आहे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. असे कसे? (जळगाव)

उत्तर : डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर वाढलेली पातळी ऑइलची नसून पेट्रोलची आहे. या प्रकारच्या बहुतेक इंजिनांत पेट्रोल दोनशे बारपेक्षा अधिक दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इंजिन थंड असताना त्यातले काही भिंतीवर जमून रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. लांब प्रवासात ऑइल पूर्ण तापते आणि हे पेट्रोल उडून जाते. तीन किलोमीटरमध्ये ऑइल तापण्यापूर्वीच आपले दुकान येते. पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगला नीट तोलून धरत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल आताच बदला. एरवीही, कंपनीने वर्ष किंवा पंधरा हजार किलोमीटर सांगितले असले, तरी आपल्या वापराला मी सहा महिने सांगेन. आठवड्यातून एकदा भुसावळपर्यंत जाऊन या. इंजिनालाही बरे आणि बॅटरीलाही.

थेट फवारणीचा दुसरा परिणाम म्हणजे इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) पाठीवर साचणारी काजळी. पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून वाहतच नसल्याने तो धुतला जात नाही, आणि टाकीत ओतायची कोणतीही बाटली तिथे पोचत नाही. सकाळी इंजिन अडखळू लागले, पिकअप हळूहळू कमी झाला, तर हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड उतरवून साफसफाई करावी लागते. निसान मॅग्नाइटचे एक लिटरचे टर्बो इंजिन पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधी हवेच्या वाटेवर, फवारणी करणारे आहे. त्याला हा त्रास नाही.

प्रश्न : ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने टर्बो इंजिनाचे नुकसान होते का? माझी गाडी २०२१ ची आहे. (सांगली)

उत्तर : ज्वलनापुरते बोलायचे तर टर्बो इंजिनाला इथेनॉल मानवते. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, जास्त आहे, आणि वाफ होताना ते आतली हवा थंड करते. पूर्वीचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते, तर ई-२० चा किमान ऑक्टेन ९५ आहे. नॉकिंगची शक्यता त्याने कमीच होते. तोटा ॲव्हरेजमध्ये आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई-२० च्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते.

आपला प्रश्न खरे तर इंजिनाचा नसून रबराचा आहे. इंधनाच्या नळ्या, सील आणि पंपाचे भाग ई-२० सोसतील असे बनवणे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना लागू झाले; त्याआधीच्या काही गाड्या तशा आहेत, काही नाहीत. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर ई-१० आहे की ई-२० ते पाहा. ई-१० असेल, तर पुढच्या सर्व्हिसला गाडी रॅम्पवर असताना टाकीपासून पुढे आलेल्या नळ्यांचे जोड मिस्त्रीकडून हात लावून तपासून घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात गावी गाडी झाकून ठेवणाऱ्यांना याचा अनुभव आधी येतो.